जांभूळ न फुटता पालीपर्यंत

नववीपर्यंत मी हजेरीलासुद्धा इतक्या हळू ओ द्यायचे की बाई मला गैरहजर लावायच्या. गेल्या गॅदरिंगला निवेदन करणारी मुलगी आजारी पडली आणि कुणीतरी मला माईकपुढे ढकललं. तेव्हापासून माझा जो आवाज फुटलाय, तो बंद व्हायचं नाव घेत नाही. आई म्हणते, "हेतल, माईक परत केलास ना गो? का गिळलास?"

तर हे या नव्या आवाजाचं पहिलं मोठं काम. आणि ते निघालं थेट बाबावर.

माझा बाबा म्हणजे शिवा तांडेल. होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा. सुकाणू त्याच्या हातात आणि खलाशांचा जीवही. आमच्या मिऱ्या गावात कुणालाही विचारा, उधाणात होडी आत कशी आणायची ते बाबाकडून शिकावं. पण जून लागला की मासेमारी बंद. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारायच्या, जाळी दुरुस्त करायची आणि आईने पालीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. यंदा बाबाने चाळिशी उलटल्यावर जुनी मोटरसायकल घेतली. आई टोपल्या घेऊन सकाळच्या एसटीने पुढे जाते. मागाहून बाबा सोड्यांचं आणि बांगड्यांचं गाठोडं घेऊन निघतो. शाळा उघडायला अवकाश होता, म्हणून गाठोडं सांभाळायला मागच्या सीटवर मी. माझ्या हेल्मेटलाही बांगड्याचा वास येतो, पण ते असो.

पहिल्या खेपेला वाटेत हातखंब्याला बाबाने गाडी थांबवली आणि डावा हात जोरजोरात झटकला.

"काय झालं?"

"माशी बसली."

दुसऱ्या खेपेला डास निघाला. त्याच्या पुढच्या खेपेला मी म्हटलं, "बाबा, हातखंब्याच्या माश्या फक्त तुझ्याच हाताला ओळखतात काय रे?"

तो हसला. चहाचा ग्लास घेतला आणि तो बोटांतून सरळ खाली गेला. काचा झाल्या, चहावाला "होतं होतं" म्हणाला, बाबाही हसतच राहिला. पण त्याचे डोळे हसत नव्हते. तो आपल्या बोटांकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्याच कुणाची तरी होती.

त्याच संध्याकाळी पडवीत बाबा आणि सर्वेशकाका बसले होते. सर्वेशकाका बाबाचा धाकटा भाऊ, त्याच होडीवर असतो.

"सर्वेश, यंदा सुकाणू तू धर."

"आणि तू?"

"मी जाळं ओढीन. हात चालला तर. मुंग्या येतात, मग बोटं लाकडासारखी होतात. आपल्या आबांचं असंच सुरू झालेलं. मग लकवा." आवाज उतरवून तो म्हणाला, "वैनीला बोलू नको तुझ्या."

काकाने हो-नाही न करता चपला घातल्या. मी दाराआड उभी होते आणि माझा तो प्रसिद्ध आवाज कुठे गेला कोण जाणे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होडी काढतो तो माझा बाबा. तो मागे दोरी ओढत बसलाय, हे चित्र मला दिसेचना.

दुसऱ्या दिवशी तो होडीच्या सावलीत जाळं शिवत होता. सुई सरसर चालली होती, इकडून तिकडे. मी बराच वेळ बघत बसले.

"बाबा, मुंग्या?"

"कुठायत?" त्याने आधी खाली वाळूत बघितलं.

"हाताला."

बाबा थांबला. हात उलटासुलटा केला. "नाय गो."

"सकाळपासून सुई चालवतोयस. मग लकव्याचं काय हातखंब्याचंच तिकीट आहे? इथे येतच नाही तो?"

"तुला कोणी सांगितलं?"

"पडवीला भिंत कुठाय?"

पुढच्या खेपेला मी मागून नीट पाहणी केली. अहाहा! खांदे कानाला लागलेले, कोपरं वल्ह्यासारखी ताठ, सगळा भार तळव्यांवर, आणि हँडल असं आवळलेलं की बोटांची हाडं पांढरी पडलेली.

"बाबा, ही गाडी पळून कुठे जातेय?"

"हात सुटला की संपलं, बाय."

"ते होडीत!"

हातखंब्याला नितेशदादाचं गॅरेज आहे. मी बाबाला तिथे उतरवलं. नितेशदादाने त्याला गाडीवर बसवून बघितलं आणि म्हणाला, "काका, हँडलचा गळा का दाबताय? त्याने काय केलंय तुमचं?" हँडलची रबरं झिजून दगड झाली होती, ती बदलून जाड, मऊ घातली. क्लच-ब्रेकचे दांडे वर आले होते, त्यामुळे मनगट मुडपून राहायचं. तेही त्याने खाली वळवले. "आता हात नुसता ठेवायचा. लोंबकळायचं नाय."

बाबा म्हणाला, "कळलं." पुढे गेलो, ट्रक आला, आणि परत हाडं पांढरी.

मी ओरडून गाडी मागे वळवायला लावली. गॅरेजपाशी एक आजी जांभळं विकत होती. पानाच्या द्रोणात भरून घेतली, त्यातलं चांगलं टपोरं, पिकलेलं निवडलं आणि बाबाच्या डाव्या तळव्याखाली, हँडलवर ठेवलं.

"हे न फुटता पाली."

"आणि फुटलं तर?"

"तर आईला सगळं सांगायचं. आबा, लकवा, सर्वेशकाका, सगळं."

बाबाने माझ्याकडे असं बघितलं जसं खडक दिसल्यावर तांडेल बघतो. "माईक देणाऱ्याला मी बघून घेईन," म्हणाला. पण निघाला.

पहिलं जांभूळ तिठा सुटायच्या आत गेलं. दुसरं ट्रकने घेतलं. तिसरं कशाने गेलं ते बाबालाच माहीत, म्हणाला, "आधीच नासकं होतं." तळवा जांभळा, बाही जांभळी, हेल्मेटची पट्टी जांभळी. द्रोणात एकच टपोरं उरलं. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. आता तो चेष्टा करत नव्हता.

"जमत नाय गो. सवय हाय. हाताने नाय धरलं तर कशाने धरू?"

मी गाडी थोडीच चालवते! पण तोंड उघडंच होतं, म्हणून विचारलं, "होडी डोलते तेव्हा दोन्ही हातांनी जाळं ओढतोस. मग तेव्हा तू कशाने धरतोस?"

"तेव्हा काय धरायचंय? पाय धरतात. गुड..."

तो थांबला. आम्ही दोघांनी एकदमच खाली बघितलं. त्याचे गुडघे रिक्षाच्या मडगार्डसारखे दोन्ही बाजूंना फाकलेले होते.

त्याने गुडघे टाकीला लावले. पाठ जरा उचलली. कोपरं आपोआप सैल पडली, खांदे कानांपासून घरी परतले. शेवटचं जांभूळ मी ठेवलं. आता रस्ता तोच, पण मागून बघताना वाटलं, हा होडीवर उभा आहे. खड्डा आला, बाबाने पायांनी झेलला. ट्रक गेला.

"फुटलं?"

"बघायला हात सोडू काय? गप बस."

पालीला आईसमोर गाडी लागली. बाबाने हळूच हात उघडला. जांभूळ अख्खं, नुसतं कोमट झालेलं. त्याने बोटं उघडमीट केली, परत केली. मुंग्या नव्हत्या.

"हे काय गो रंगपंचमीचं?" आई त्याच्या जांभळ्या तळव्याकडे बघत मला म्हणाली.

शेवटच्या जांभळावर का होईना, बाबा पैज जिंकला होता. गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण त्याने टोपली सरकवून आईशेजारी बसकण मारली आणि सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं, गिऱ्हाइकाला सोडे बांधून दिले, आणि जांभूळ उचलून खाऊन टाकलं. "उद्या डॉक्टर. पोरीची डॉक्टरकी पुरे."

डॉक्टरांनी मनगट दाबून, वाकवून बघितलं. लकवा नाही म्हणाले. हात असाच सैल ठेवा, मध्ये थांबून मोकळा करा, आणि गाडीवर नसताना मुंग्या आल्या तर लगेच या.

बाहेर येऊन बाबाने काकाला फोन लावला. "सर्वेश, सुकाणू मीच धरणार."

"मी कुठे हो म्हटलेलं?" काका एवढ्या मोठ्याने बोलला की मलाही ऐकू आलं. "फक्त एक सांग तांडेल, सुकाणूला जांभूळ तू बांधणार का मी?"

बाबाने वळून माझ्याकडे बघितलं. एवढ्यात ही बातमी काकाला कोणी दिली, हे त्याला विचारावं लागलं नाही.