पुलाखालचे ट्राउट

२००४ च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी डॉक्टर परीक्षित सबनीस दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मोरेश्वर कर्णिकांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं आणि खात्री करून घेण्यासाठी पायापासून डोक्यापर्यंत पुन्हा एकदा पाहिलं. चौकड्यांची लोकरी टोपी, त्याच कापडाचा कोट, कोटावर खिशाखिशांचं जाकीट, आणि जाकिटाला लटकलेले चिमटे, कात्र्या, डब्या, दोऱ्यांची रिळं. एका ट्राउटच्या मागे लागायला एवढा सरंजाम. तीस वर्षं लोकांची हृदयं उघडताना हा मनुष्य याच्या निम्म्या हत्यारांत भागवत असेल, अशी कर्णिकांनी मनोमन आशा केली.

"अहो," अहिल्याबाई स्वयंपाकघरातून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर मासे धरायला निघालेत, की मासे त्यांना बघायला येणार आहेत?"

"तू दार लावून घे," कर्णिक म्हणाले. त्यांच्या हातात गळाची एक जुनी काठी होती आणि सदऱ्याच्या खिशात तपकिरीची एक रिकामी डबी. डबीत नऊ माश्या होत्या. अर्थात खऱ्या नव्हेत. गळावर रेशमी दोरा गुंडाळून, त्यावर तितराच्या पिसाचे दोन वेढे देऊन त्यांनी स्वतः बांधलेल्या.

ही विद्या त्यांनी स्कॉटलंडमध्ये घेतली होती. मुंबईच्या एका टेक्निकल कॉलेजातून डिप्लोमा घेऊन बासष्ट साली ते दंतचक्रं बनवणाऱ्या एका स्कॉटिश कारखान्यात उमेदवारीला गेले, आणि तिथल्या फोरमनने दर शनिवारी दुपारी त्यांना गावामागच्या नदीवर नेलं. नदी म्हणजे जेमतेम दोन ढांगांत ओलांडावी एवढी. फोरमनचे नियम तीन होते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा त्याच्या पाठीकडून, खालच्या अंगाने जायचं. गुडघ्यांवर बसायचं, म्हणजे माणसाची सावली पाण्यावर पडत नाही. आणि दोरी आखूड ठेवायची, कारण लांब दोरीने मासा भेटत नाही, फक्त फेकणाऱ्याला स्वतःचं कौतुक वाटतं.

हे तीन नियम घेऊन कर्णिक अमेरिकेत आले, एका यंत्रकारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख झाले आणि पार्सिपनीच्या बाहेर त्यांनी घर घेतलं. घरापासून दहा मिनिटांवर एक ओढा होता. बावीस वर्षं ते त्या ओढ्यावर गेले. वहीत तारीख, पाण्याचं तापमान, पाण्याची उंची, हवेत कोणते कीटक होते, किती मासे लागले आणि किती सोडले, हे सगळं नोंदवत गेले. सात वर्षांपूर्वी ग्लेनकार्ल क्लब नावाच्या मंडळींनी ओढ्याचे तीनही मैल जमीनमालकांकडून भाड्याने घेतले आणि झाडाझाडावर पाट्या ठोकल्या. त्यानंतर पाय ठेवता येईल असं पुढचं वाहतं पाणी चाळीस मैलांवर होतं, आणि डोळ्याच्या पडद्याचं दुखणं निघाल्यापासून कर्णिकांना हायवेवर ड्राइव्ह करायची बंदी होती. जावयाने पार्कातलं तळं सुचवलं. डबक्याच्या काठी खुर्ची टाकून गळाला मक्याचा दाणा लावून बसणं ही गोष्ट कर्णिकांच्या लेखी मासेमारीत मोडत नव्हती. ती वाट बघण्यात मोडत होती.

त्यांना क्लब नको होता. त्यांना हवा होता ओढ्याचा वरचा अर्धा मैल. तिथे काटेरी झुडपं माजली होती, म्हणून क्लबचं कुणी फिरकत नसे, आणि तिथे आजही बोटभर लांबीचे, अंगावर लाल ठिपके असलेले मूळचे रानटी मासे होते. क्लबचा एक सभासद वारला, जागा रिकामी झाली, आणि डॉक्टर सबनीसांनी कर्णिकांचं नाव सुचवलं. अर्थात उपकार म्हणूनच.

"मोरेश्वर, एक लक्षात ठेव," गाडी सुरू करता करता डॉक्टर म्हणाले. इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्या गणपतीपासून ते कर्णिकांना अरे-तुरे करत आणि कर्णिक त्यांना अहो-जाहो. वयात फरक अवघा आठ महिन्यांचा होता. "ते डिप्लोमाचं काढू नकोस. नुसतं एंजिनिअर म्हण."

"विचारलं तर?"

"विचारणार नाहीत, सभ्य लोक आहेत. आणि स्कॉटलंड जरूर सांग, आपले प्रेसिडेंट त्यावरच तर इम्प्रेस झालेत. पण कारखाना कशाला?"

"मग तिथे काय करत होतो म्हणून सांगू? मेंढ्या राखत होतो?"

डॉक्टर हसले नाहीत. "चेष्टा नको, यार. व्होटिंग गोट्यांनी होतं. एक जरी काळी गोटी निघाली की नाव कॅन्सल, आणि पुन्हा कधी घेत नाहीत. ज्यानं काळी टाकली त्याला उभं राहून कारण द्यावं लागतं, हे खरं. पण देतात लोक."

ग्लेनकार्ल क्लबात स्कॉटलंडचं कुणीच नव्हतं. अध्यक्ष मिस्टर व्हॅन हॉर्न यांचे पूर्वज हॉलंडचे. बाकीचे अकरा सभासद कुठकुठले. पण लाकडी घराच्या भिंतीवर बाजारातून आणलेली सांबराची शिंगं होती, खुर्च्यांवर चौकड्यांच्या उशा होत्या, आणि सगळेजण त्या ओढ्याला ‘बर्न’ म्हणत, कारण स्कॉटलंडमध्ये तसं म्हणतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. कर्णिकांचा हात व्हॅन हॉर्न यांनी दोन्ही हातांत धरला. स्कॉटलंडच्या पाण्यात शिकलेला माणूस आमच्या क्लबात आजवर आला नव्हता, असं ते म्हणाले.

मग ते सगळे मासेमारीला लागले, आणि कर्णिकांना पुढचा अर्धा तास नजर कुठे ठेवावी ते कळेना. दहा फूट रुंदीच्या ओढ्यावर ही माणसं चाळीस फूट दोरी फेकत होती. दोरी हवेत झोकदार वळणं घेई आणि पलीकडच्या झाडावर जाऊन बसे. मग तिघेजण मिळून ती सोडवत, आणि सोडवताना एकमेकांच्या फेकीची तारीफ करत.

कर्णिक खालच्या अंगाला गेले, गुडघ्यांवर बसले आणि आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. दोन तास झाले, एकाही माशाने त्यांच्या गळाला तोंड लावलं नाही. बावीस वर्षांच्या वह्यांत असा दिवस नव्हता. गुडघे दुखत होते ते वेगळंच. त्यांनी काठी खाली ठेवली आणि कारखान्यात बिघडलेल्या यंत्राशी बसत तसे ते ओढ्याशी नुसतं बघत बसले.

मासे दिसत होते. हातभर लांबीचे, पोटं सुटलेले, लाकडी पुलाखालच्या खोल पाण्यात दाटीवाटीने उभे. त्यांचे पोहायचे पर आणि शेपट्या घासून बोथट झालेल्या. हौदात वाढलेल्या माशांच्या होतात तशा. पाण्यातून फिकट पिवळ्या माश्या निघत होत्या आणि पंख उभे धरून त्यांच्या डोक्यावरून वाहत जात होत्या. खऱ्या, जिवंत माश्या. कोणताही शहाणा ट्राउट त्यासाठी वर आला असता. यांतला एकही हलत नव्हता.

त्याच वेळी पुलावरून डॉक्टर सबनीसांनी तिसरा मासा बाहेर काढला. टाळ्या पडल्या. कर्णिकांनी जाऊन त्यांची माशी पाहिली. ती हरणाच्या केसांची, तपकिरी, गोल कातरलेली गोळी होती. तिला पाय नव्हते, पंख नव्हते.

"ही क्लबची खास माशी," डॉक्टर म्हणाले. "आमचे मासे फार चोखंदळ आहेत, मोरेश्वर. दुसऱ्या कशाला शिवत नाहीत. सहा वर्षं लागली मला त्यांची नस सापडायला."

"हा कीटक कोणता, डॉक्टर?"

"कीटक असा नाही. इट्स अ‍ॅन इम्प्रेशन."

मंडळी जेवायला घराकडे वळली. कर्णिक मागे राहिले आणि एकटेच पुलावर चढले. फळ्यांवर बूट वाजले, आणि खाली पाणी गढुळलं. सगळे मासे त्यांच्या पायांखाली गोळा झाले आणि तोंडं वर करून, आ वासून उभे राहिले. पुलाच्या टोकाला झुडपात एक पत्र्याचा डबा होता. कर्णिकांनी झाकण उघडलं. आत तपकिरी, गोल, वाटाण्याएवढं खाद्य होतं, आणि ते टाकायला एक डाव. त्यांनी मूठभर खाली टाकलं, तेव्हा पाण्याला उकळी फुटली.

असं पाणी त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. आजोळी, महाडच्या पलीकडे, नदीत देवीचा कोंड, म्हणजे खोल डोह, होता. बायका देवळाच्या पायऱ्या उतरू लागल्या की पायरव ऐकून मासे काठाशी येत. बायका ओच्यातले मुरमुरे टाकत. ते देवीचे मासे. कर्णिकांचं सगळं घराणं मासे खाऊन वाढलेलं, पण त्या कोंडात गळ टाकण्याची बुद्धी गावातल्या सर्वांत नाठाळ माणसालाही कधी झाली नाही. इथे बारा सुशिक्षित माणसं पाट्या ठोकून, कुलपं लावून नेमकं तेच करत होती, आणि त्याला कला म्हणत होती.

जेवणानंतर व्हॅन हॉर्न यांनी चामड्याच्या बांधणीचं एक जाड पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. उमेदवाराने पाण्याविषयी अभिप्राय लिहायचा, तो अध्यक्षांनी मोठ्याने वाचायचा आणि मग मतदान, अशी रीत होती. मासा मिळाला नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, अध्यक्ष म्हणाले. आमचं पाणी स्कॉटलंडच्या नदीच्या तोडीचं आहे, एवढं एक वाक्य तुमच्यासारख्याच्या हातून आलं तर क्लबचा मान वाढेल.

"एकच वाक्य," डॉक्टर मराठीत पुटपुटले. "लिहून टाक आणि मोकळा हो."

कर्णिकांनी पेनचं टोपण काढलं. एक वाक्य, आणि वरचा अर्धा मैल मरेपर्यंत त्यांचा. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. या पुस्तकावरून कुठलं यंत्र चालणार नव्हतं, कुणाचा हात कापला जाणार नव्हता. पण एकतीस वर्षं त्यांनी तपासणीचे अहवाल लिहिले होते, आणि जे मोजलं नाही त्याखाली सही केली नव्हती. काट्यांतून रांगत जायची वाट, दगडाआडचं ते पाणी, ते लाल ठिपके, हे सगळं त्यांनी एकदा मनात नीट पाहून घेतलं, जसं घर सोडताना पाहतात. मग आपल्या सरळ, टेक्निकल वळणाच्या अक्षरात त्यांनी इंग्रजीत लिहिलं:

‘दोन तास खऱ्या माश्या माशांवरून वाहत गेल्या, एकही खाल्ली गेली नाही. पुलावर पाय वाजताच मासे गोळा होतात. असे मासे मी स्कॉटलंडमध्ये पाहिले नाहीत. माझ्या आजोळी एका देवीच्या कोंडात पाहिले आहेत. तिथे लोक त्यांना खाऊ घालतात आणि कुणी त्यांना गळ लावत नाही.’

व्हॅन हॉर्न यांनी चष्मा चढवून ते वाचायला घेतलं. कर्णिकांनी टेबलाखाली आपली काठी हाताशी ओढून घेतली. निघायची वेळ आली होती.

‘एकही खाल्ली गेली नाही’ यापाशी अध्यक्ष थांबले आणि अभिमानाने म्हणाले, "चोखंदळ." ‘पाय वाजताच’ यापाशी एकाने मान डोलावली, "किती सावध असतात, पाहा." आणि शेवटचं वाक्य वाचून झाल्यावर व्हॅन हॉर्न यांनी चष्मा काढला. "सज्जनहो," ते जड आवाजात म्हणाले, "आपल्या पाण्याला आजवर कुणी पवित्र म्हटलं नव्हतं."

कर्णिकांनी समजावण्यासाठी तोंड उघडलं, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. बारा माणसांपुढे त्यांच्याच तोंडावर स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, आणि अकरांच्या कानांवरून ते पाण्यासारखं वाहून गेलं होतं. बारावे डॉक्टर सबनीस. त्यांचं मूळ गाव त्याच तालुक्यातलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ते खिडकीतून पुलाकडे बघत होते.

गोट्यांची पेटी फिरली. डॉक्टरांची पाळी शेवटची होती. त्यांचा हात पेटीत बराच वेळ राहिला. काळी टाकली असती तर उभं राहून कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण द्यायचं म्हणजे सहा वर्षांत आपण काय पकडलं तेही सांगणं आलं. पेटी उघडली, तेव्हा बाराच्या बारा गोट्या पांढऱ्या होत्या.

परतीच्या वाटेवर अर्ध्या रस्त्यात डॉक्टरांनी विषय काढला.

"तू ते लिहायला नको होतंस."

"त्यात खोटं काय होतं, डॉक्टर?"

"खोटं नव्हतं म्हणून तर म्हणतोय. लहानपणी मीही टाकलेत तिथे मुरमुरे." आणि मग, "गेल्या वर्षी कप मिळालाय मला. एका दिवसात चौदा."

"चौदा काहीच नाहीत. आमच्या आजीकडे एका पसाभर मुरमुऱ्यांवर चाळीस यायचे."

डॉक्टरांनी गाडीचा वेग उगाचच वाढवला. कर्णिकांना क्षणभर आपल्या जिभेची लाज वाटली. "वरच्या अर्ध्या मैलात या माझ्याबरोबर," ते म्हणाले. "खरे मासे आहेत तिथे. मी शिकवीन."

"केवढे असतात?"

"बोटाएवढे."

"आणि काय करावं लागतं?"

"गुडघ्यांवर बसावं लागतं."

"बघू," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या शनिवारी सकाळी कर्णिक सभासद म्हणून, पाटीखालून, राजरोस ओढ्यावर गेले. वरच्या अंगाला जाताना झुडपांतून त्यांना पूल दिसला. पुलावर डॉक्टर सबनीस उभे होते, संपूर्ण सरंजामासह. कर्णिक थबकले. डॉक्टरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली, मग उजव्या पायाची टाच फळीवर दोनदा जोरात आपटली, खाली पाणी गढुळेपर्यंत वाट पाहिली, आणि झोकात दोरी फेकली.