डब्याच्या बुडाला भोक

मुलांनो, एक डबा डोळ्यांसमोर आणा. तुमच्या दप्तराएवढा, करड्या प्लास्टिकचा, चार कोपऱ्यांना चार स्क्रू असलेला. झाकणाच्या कडेने आतून रबराची पट्टी फिरवलेली आहे, म्हणजे स्क्रू आवळले की ती दबते आणि फट उरत नाही. डब्याच्या बुडाला ओळीने गोल तोंडं आहेत आणि त्यांतून वायरी आत गेल्या आहेत. बुडातूनच का? कारण वरून वायर घातली, तर पावसाचं पाणी तिचं बोट धरून सरळ आत शिरेल. आता झाकण उघडा. आत तळहाताएवढी एक हिरवी पाटी दिसते. हा कंट्रोलर. झाडावरचे दिवे कधी लागायचे, कधी विझायचे, आधी लाल की आधी निळे, हे सगळं हाच ठरवतो. मोठा हुशार असतो, पण अंगावर पाणी पडलं की याची अक्कल गेलीच म्हणून समजा.

दिसला डबा? मग त्याच्यावर बोटाने टिचकी मारणारी एक मुलगी तिथे उभी करा. हातात येईल त्या वस्तूचा आवाज ऐकल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, म्हणून घरात तिचं नावच टिचकी पडलं होतं.

टिचकीच्या बाबांचा रोषणाईचा व्यवसाय होता. वर घर आणि खाली कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर एक लांबट खोली, दोन टेबलं, भिंतीला फळ्या आणि मागे फरशी घातलेलं अंगण. दर वर्षी लांब सुट्ट्या लागल्या की गावातल्या मोठ्या बागेतली झाडं दिव्यांनी सजवायचं काम बाबांकडे असायचं. बाबा डबे जोडायचे, आई वायरींची टोकं सोलून त्यांवर रंगीत खुणा चढवायची.

गेल्या वर्षी मात्र ऐन सुट्टीत अर्धी बाग काळोखात गेली. डबे उघडले तर आत पाणी. बाबांना ते फार लागलं. या वर्षी त्यांनी सिलिकॉनच्या नळ्यांचं खोकंच आणून ठेवलं. टूथपेस्टसारखं बाहेर येतं आणि वाळलं की रबर होतं, ते सिलिकॉन. दिसेल त्या फटीत ते भरत बाबा म्हणायचे, "आता माझ्या डब्यात डासाचा श्वाससुद्धा शिरणार नाही."

अशात मामा आला, आईचा धाकटा भाऊ. तो दुसऱ्या एका रोषणाईवाल्याकडे कामाला होता, आणि तो रोषणाईवाला बागेच्या कामावर टपून बसलेला होता. तिथली नोकरी का सोडलीस म्हणून विचारलं, तर मामा म्हणाला, "पटलं नाही." एवढंच.

"पटलं नाही म्हणजे काय?" बाबांनी नंतर आईला विचारलं. टिचकी जिन्यात बसून बुटाची नाडी बांधत होती, म्हणजे बांधत असल्यासारखं करत होती. "त्याला तिकडूनच पाठवलं नसेल कशावरून?"

"काहीतरीच तुमचं. माझा भाऊ आहे तो."

"तुझा भाऊ आहे म्हणून तर वर झोपतोय. पण ऐक. बागेचे डबे त्याच्या हातून होऊ देत. मग आठवडाभर अंगणात टांगून त्यांच्यावर पाणी मारू. कोरडे निघाले तर राहू दे त्याला, हवं तर कायमचा. पाणी निघालं तर त्याने आपली वाट धरायची. मग तू मध्ये पडायचं नाहीस."

आईने हातातली वायर सोलली, आणि जरा जास्तच सोलली.

टिचकीला मामा आवडला होता, हे सांगायला हवं. वायरीचं कातडं काढताना आतल्या तांब्याला ओरखडा कसा येऊ द्यायचा नाही, हे त्याने तिला हात धरून शिकवलं होतं. पण संशय एकदा कानात शिरला की डोळेही त्याच्याच सांगण्यावरून बघायला लागतात. फोन वाजला की मामा अंगणात जाऊन हळू बोलायचा. आधी तिला त्यात काही वाटलं नव्हतं, आता वाटायला लागलं. सगळे जेवायला वर निघाले की मामा म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे, आलोच." आणि मग खालून ड्रिलचा आवाज यायचा. घुर्र करून थांबायचा. पुन्हा घुर्र.

"हा काय करतोय?" बाबांनी घास हातातच धरून विचारलं.

"डब्यातल्या पट्ट्या बसवत असेल," आई म्हणाली.

"त्या तर त्याने सकाळीच बसवल्या."

मामा वर आला, हात धुऊन पानावर बसला. त्याच्या बाहीला करड्या रंगाची एक बारीक गुंडाळी चिकटली होती, पेन्सिलीला टोक करताना निघते तशी.

"मामा, बाहीला काय आहे?"

"कचरा."

"कसला?"

"कामाचा. तू पोलिसात कधी लागलीस?" मामा हसला आणि गुंडाळी झटकून टाकली. बाबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामा स्क्रू आणायला गेला, बाबा बागेत झाडं मोजायला गेले आणि आई वर होती. टिचकीने खालच्या फळीवरचा एक डबा काढला. टिचकी मारून पाहिली. आवाज नेहमीचाच. झाकण पाहिलं, ते घट्ट होतं. मग तिने डबा उलटा केला. वायरींच्या दोन तोंडांच्या मधोमध, सहज नजर जाणार नाही अशा जागी, एक भोक होतं. पेन्सिलीचं टोक जाईल एवढं. तिने दुसरा डबा उलटा केला, तिसरा केला. सगळ्यांना भोक.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं बाबा परवाच म्हणाले होते, ते हेच. मामा घरचा भेदीच निघाला. जेवणाच्या वेळा साधून तो बाबांच्या डब्यांना भोकं पाडत होता, म्हणजे बागेत पुन्हा अंधार होणार आणि काम त्या दुसऱ्याकडे जाणार.

तुम्ही काय केलं असतं? धावत जाऊन बाबांना सांगितलं असतं, हो ना? टिचकीही जिन्यापर्यंत गेली. तिथे तिला आईने वायर जास्त सोलली ते आठवलं. बाबांना कळलं तर मामा आजच्या आज रस्त्यावर. मग तिला वाटलं, भोकं मुळी राहिलीच नाहीत तर? डबे कोरडे राहतील, बाग उजळेल, मामाही राहील आणि कोणाला काही कळणार नाही. सगळंच ठीक होईल.

तिने अर्धी वापरलेली सिलिकॉनची नळी घेतली, एकेका भोकात थेंब भरला आणि बाबा करतात तसा ओल्या बोटाने साफ केला. खालची फळी झाली. वरच्या फळीपर्यंत हात पोचेना, आणि स्टूल ओढेपर्यंत मामाच्या चपला वाजल्या. तिने नळी खोक्यात टाकली आणि पुस्तक उघडलं.

"उलटं धरलंयस," मामा म्हणाला.

संध्याकाळी बाबांनी सगळे डबे अंगणातल्या भिंतीला टांगले. स्वतःच्या हाताने टांगले, मामाला जवळ येऊ दिलं नाही. मग आठवडाभर रोज सकाळी नळी लावून डब्यांवर पाण्याचा मारा, दिवसभर ऊन, आणि अंधार पडला की डब्यांना जोडलेल्या माळा चालू. घरात बोलणं कमी झालं होतं. मामा एकदा वाकून डब्यांच्या खाली बघायला गेला.

"काय बघतोस रे?" बाबांनी खिडकीतून विचारलं.

"काही नाही, दाजी."

"काही नसेल तर इकडे ये."

टिचकी बाबांकडे बघे, बाबा मामाकडे बघत, आणि मामा, हे तिच्या नंतर लक्षात आलं, हळूच बाबांच्या सिलिकॉन लागलेल्या हातांकडे बघत असे.

मग उघडायचा दिवस आला. बाबांनी पहिला डबा खाली घेतला, टेबलावर ठेवून झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब लटकत होते. बुडाशी पाणी साचलं होतं, आणि हिरव्या पाटीच्या कडेला ओल लागली होती. दुसरा डबा उघडला. त्यातही पाणी. तिसरा खडखडीत कोरडा. चौथ्यात पुन्हा पाणी. बाकीचे अजून भिंतीवरच होते.

टिचकीला काही समजेना. भोकं तर तिने बुजवली होती. मग पाणी आलं कुठून?

"झाकणं कोणी लावली होती?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी शांत होता, तोच जास्त वाईट.

"मी," मामा म्हणाला. तो झाकणाकडे बघतच नव्हता. त्याने ओला डबा उचलून बुडाखाली बोट फिरवलं, थांबला, आणि मग सावकाश बाबांकडे पाहिलं. "दाजी, बुजवायचीच होती, तर तोंडावर सांगायचं."

"काय बुजवायचं?"

"भोकं."

"कसली भोकं?"

"आता नाटक कशाला करता?"

बाबांनी डबा हिसकावून घेतला, उलटा केला आणि पांढऱ्या ठिपक्यावर नख लावलं. "तू माझ्या डब्यांना भोकं पाडलीस? मी नको म्हटल्यावर?"

"तुम्ही हसलात म्हणून पाडली. डब्याला घाम येतो म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, त्याला टॉवेल देऊ का."

मुलांनो, इथे कथा जरा थांबवू. गार पाण्याचा पेला टेबलावर ठेवला की बाहेरून ओला होतो ना? पेला गळत नसतो. हवेतलीच वाफ गार काचेवर येऊन बसते. डब्याचंही तसंच. दिवे लागले की डबा आतून तापतो, विझले की गार पडतो, आणि आतल्या ओलसर हवेचे थेंब होतात. डबा कितीही आवळा, वायरींच्या पोटातून थोडी हवा आत-बाहेर करतेच. म्हणून सगळ्यात खालच्या जागी एक बारीक भोक ठेवतात. पाऊस खालून वर चढत नाही, पण आतलं पाणी खाली उतरतं. मामाला हे पहिल्या नोकरीत कळलं होतं. बाबांनी ऐकलं नाही, म्हणून त्याने ते चोरून केलं. करण्यासारखं काम होतं, पण चोरून करण्यासारखं नव्हतं.

टिचकीला तेव्हा एवढं सगळं कळलं नाही. पण बुडाला ठिपका असलेला ओला डबा खालच्या फळीचा आणि भोक उघडं राहिलेला कोरडा डबा वरच्या फळीचा, एवढं तिला पुरेसं होतं.

"मला भोकं आहेत हेच माहीत नव्हतं, तर मी बुजवीन कशी?" बाबा म्हणत होते. "तूच पाडलीस, तूच बुजवलीस, आणि आता माझ्यावर ढकलतोस. तुझ्या शेठला जाऊन सांग, काम फत्ते."

"शेठ रोज फोन करून परत बोलावतोय. रोज नाही म्हणतोय मी."

"खरं वाटावं असं एक तरी काम केलंयस का इथे?"

मामा टेबलावरची आपली पक्कड आणि पेचकस पिशवीत भरू लागला. आई दारात उभी होती. तिने बाबांकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि दारातच थांबली. मध्ये पडायचं नाही असं ठरलं होतं ना.

"ताई, वरच्या माझ्या चादरी घडी करून ठेवल्यात," मामा म्हणाला. म्हणजे त्याने सकाळीच ठेवल्या होत्या.

सगळे एकमेकांकडे बघत होते. टिचकीकडे कोणीच बघत नव्हतं. ती गप्प राहिली असती तर कोणाला कधीच कळलं नसतं. बाबांना शेवटपर्यंत वाटलं असतं की मामाने केलं, आणि मामाला वाटलं असतं की बाबांनी. एकाने दुसऱ्याचं नाव टाकलं असतं.

मग तिने स्टूल ओढलं. फरशीवर मोठा कर्रकर्र आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. स्टूल तिने अंगणातल्या भिंतीला लावलं, टेबलावरचा एक लांब खिळा घेतला, आणि वर चढून अजून न उघडलेल्या एका डब्याखाली हात घातला. ठिपका तिला न बघताच सापडला. खिळा दाबला. सिलिकॉनचा थेंब निघून खाली पडला आणि त्याच्या मागून पाणी. तिच्या मनगटावरून, बाहीत, कोपरापर्यंत.

"ही मी बुजवली," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "मामा जाऊ नये म्हणून."

मागे पिशवीत हत्यारं पडण्याचा आवाज थांबला होता. टिचकी खाली उतरली, स्टूल पुढच्या डब्याखाली सरकवलं आणि पुन्हा वर चढली.