पाठचं भावंड

"लिक, एकच पिशवी उघडा. फक्त बाळंतिणींच्या खोलीतली. बाकीच्यांना हात लावा असं मी म्हणतच नाही."

"एकसुद्धा नाही," वागिनो म्हणाला. "गाठ मारली की विषय संपला. मग ती पिशवी तुझीही नाही आणि माझीही नाही."

समोरचा तरुण जेमतेम पंचविशीचा होता. सिगित त्याचं नाव. छातीशी त्याने नवंकोरं मातीचं मडकं धरलं होतं, तोंडाला केळीचं पान बांधलेलं. काल दुपारी त्याला मुलगी झाली होती, पहिलीच. आणि तिच्या मागून पडलेली वार वागिनोच्या कुलूपबंद खोलीत, एका पिवळ्या पिशवीच्या तळाशी जाऊन बसली होती. दहाला ट्रक यायचा होता. ट्रक आला की पिशव्या थेट डोंगरापलीकडच्या भट्टीत.

वागिनो सव्वीस वर्षं हेच काम करत होता. वॉर्डांतले रक्ताचे बोळे, पू लागलेल्या पट्ट्या, नळ्या, सगळं पिवळ्या पिशव्यांतून गाडीवर घालून आणायचं, तोलायचं, चिठ्ठी लावायची आणि खोलीला कुलूप ठोकायचं. रुग्णालयात सगळे त्याला 'लिक' म्हणत, म्हणजे काका. मोठे डॉक्टरसुद्धा. काम घाणीचं, पण माणूस टापटिपीचा. घरी जाताना अंगाला साबणाचा असा वास यायचा की बायको म्हणे, "परिटाशी लग्न केल्यासारखं वाटतं." त्याला हे काम आवडायचं आणि ते सांगायला तो लाजत नसे. खालच्या गावातल्या विहिरी आणि इथली घाण यांच्यामध्ये आपण उभे आहोत, असं त्याला वाटायचं. त्यात काही खोटंही नव्हतं.

"अरे, पण काल सिस्टरनी हातात दिली नाही का तुझ्या?"

"देत होत्या. पण प्लास्टिकच्या पिशवीत. सासूबाई म्हणाल्या, प्लास्टिकमधून न्यायची नसते, मडकं आण. आणलं तर म्हणाल्या, याला चीर आहे. दुसरं आणलं तर त्याचा काठ वाकडा. तीन बाजार फिरलो, चौथ्या गावात कुंभार सापडला. आज सकाळी आलो तर पाळी बदललेली. नव्या सिस्टरना मांडणीवर बेवारस दिसली, त्यांनी टाकून दिली."

"चार गावं फिरलास मडक्यासाठी, आणि जिच्यासाठी मडकं तीच घालवून बसलास. शाबास रे बहाद्दर!"

सिगितला हसू आलं नाही. "घरी सगळे वाट बघतायत, लिक. दाराच्या डाव्या अंगाला खड्डा खणलाय, दिवा तयार आहे. रिकामं मडकं घेऊन मी कुठल्या तोंडाने जाऊ? पाठचं भावंड आहे ते तिचं. कचऱ्याबरोबर जाळू द्यायचं?"

वागिनोने कुलपाकडे पाहिलं. वार म्हणजे बाळाचं पाठचं भावंड, हे त्याच्या घरातही सगळे मानत. बाळाच्या मागोमाग येतं, बाळाची राखण करतं. बापाने ते आपल्या हाताने धुवायचं, आपणच वाहून न्यायचं, आपणच पुरायचं. हे काम दुसऱ्याचं नव्हे.

वागिनोने मात्र हे केलं नव्हतं. त्याची मुलगी निंग जन्मायच्या तीन आठवडे आधी त्याला सुई टोचली होती. तेव्हा पिशव्यांना ना रंग होते ना नियम. गाठ सुटलेली दिसली म्हणून त्याने हात घातला, आणि आत कुणीतरी वापरलेली सुई कागदात गुंडाळून टाकलेली होती. काही रोग लागला का, याचा रक्ताचा शेवटचा निकाल यायला सहा महिने लागणार होते. ते सहा महिने तो कुणी न सांगता वेगळ्या चटईवर झोपला. मुलगी झाली तेव्हा तिलाही हात लावला नाही आणि तिच्या वारेलाही नाही. वार थोरल्या भावाने धुतली, भावानेच पुरली. निकाल पुढे चांगला आला, पण गेलेली वेळ काही परत आली नाही. निंग आता तैवानमध्ये एका म्हातारीची सेवा करते. चार वर्षांत एकदाच आली. गावातल्या बायका म्हणतात, बापाने वार पुरली नाही की लेकरू घराला धरून राहत नाही. वागिनोचा यावर विश्वास नव्हता. पण तो ते विसरलाही नव्हता, आणि फोनवर निंगचा आवाज बारीक आला की त्याला हटकून तेच आठवे.

"थांब इथेच," तो म्हणाला. "मडकं खाली ठेवू नकोस, मांजर तोंड घालेल."

धोकादायक कचऱ्याचं सगळं खातं ज्यांच्याकडे होतं त्या बू एस्ती, म्हणजे एस्तीबाई, तिशीच्या आणि कडक. वागिनोने सगळी हकिगत सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लिक, मी इथे आले त्या पहिल्या दिवशी तुम्ही मला काय शिकवलंत?"

"गाठ मारलेली पिशवी मंत्री आला तरी सोडायची नाही."

"मग?"

"मंत्री नाही आला, बू. बाप आलाय."

एस्तीबाईंना हसू येत होतं, ते त्यांनी दाबलं. "आणि तुम्हाला काही झालं तर? घरी काकूंना मी जाऊन काय सांगू?"

वागिनो म्हणाला, "माझ्या निंगची मी पुरली नाही. घाबरलो होतो. आज घाबरत नाही असं नाही, बू. पण या खेपेला नीट घाबरून करू. तुम्ही सांगाल तसं."

एस्तीबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ वाजून गेले होते. मग त्या उठल्या आणि खुंटीवरचा स्वतःचा ॲप्रन काढला.

"चोरून काही करायचं नाही. सांडलवंड झाली की जो नियम लागतो तो लावू. दोन माणसं, पूर्ण पोशाख, लांब चिमटा, पत्र्याचा ट्रे. हात पिशवीत जाणार नाही, काही झालं तरी. आणि झालं ते सगळं मी कागदावर घेणार."

"घ्या की."

गॉगल, गमबूट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून दोघं खोलीपाशी आली, तेवढ्यात ट्रकही येऊन उभा राहिला. ड्रायव्हर कोसिम खिडकीतून ओरडला, "काय लिक, चंद्रावर निघालात काय जोडीने?"

"एक पाव्हणा उतरवून घ्यायचाय. तू चहा पिऊन ये."

बाळंतिणींच्या खोलीच्या पिशव्या दोन होत्या. पाळी सातला बदलली होती आणि एका पिशवीच्या चिठ्ठीवर वेळ सहाची होती. म्हणजे हवी ती दुसरी. वागिनोने गाठ सोडली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. चिमट्याने तो एकेक वस्तू उचलून ट्रेमध्ये ठेवू लागला. बोळे. मोजे. भिजलेली चादर. सिगित दहा पावलांवर मडकं कवटाळून उभा होता.

अर्धी पिशवी रिकामी झाली आणि आत काहीतरी चमकलं.

सुई होती. पिवळ्या पिशवीत सुई कधीच यायला नको, तिचा डबा वेगळा, टणक. ही उघडीच, टोक वर करून, बोळ्यात रुतून बसली होती. हात घातला असता तर बरोबर तळव्यात गेली असती. क्षणभर वागिनो पुन्हा सव्वीस वर्षांपूर्वीचा झाला. मग त्याने चिमटा हळूच मिटला, सुई उचलली आणि टणक डब्यात सोडली.

"याचं मी बघते," एस्तीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की आज दुपारी त्या वॉर्डाची काही खैर नाही.

तळाशी दुहेरी प्लास्टिकचं गाठोडं होतं. वर सिगितच्या बायकोच्या नावाची पट्टी होती: लारास यांची मुलगी.

"हीच!" सिगित म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. वागिनोने त्याला रडू दिलं. मग खोलीशेजारच्या नळाकडे बोट केलं. "इथे धू. इथलं पाणी शुद्धीकरणाच्या टाकीत जातं, ओढ्यात नाही. आणि हे मोजे घाल."

"बापाने उघड्या हातांनी धुवायची असते, लिक."

"कोण म्हणालं?"

"सासूबाई."

"सासूबाईंना माझा नमस्कार सांग. ही कुठून आली ते आत्ता तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस. घरी गेल्यावर मुलीला उचलून घ्यायचंय ना? आजच?"

"म्हणजे काय!"

"मग घाल मोजे. मला सहा महिने घेता आलं नव्हतं."

सिगितने त्याच्याकडे पाहिलं आणि मोजे घातले. हळूहळू, निगुतीने तो ती धुऊ लागला, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी.

मडक्यात मीठ होतं, फुलं होती, पेन्सिल होती. आणि दोरा ओवलेली सुई.

"अरे देवा, यातसुद्धा सुई?"

"मुलगी शिवणात हुशार व्हावी म्हणून."

"पेन्सिल आहे ना? अभ्यासात होऊ दे हुशार. आण ती सुई इकडे." तीही टणक डब्यात गेली. "घरी बोलू नकोस. आणि खड्डा विहिरीपासून लांब आहे ना? खोल किती?"

"कंबरेइतका."

"शहाणा आहेस. मडक्यापुरताच वेडा होतास."

वार मडक्यात ठेवली आणि मडकं झोळीत बांधून सिगितने गळ्यात घेतलं. ते उन्हातून न्यायचं नसतं, वर छत्री लागते, आणि छत्री आणायची तो विसरला होता. एस्तीबाईंनी आपली जांभळी, फुलाफुलांची छत्री आणून दिली. बापाचे दोन्ही हात मडक्याला, म्हणून ती वागिनोने धरली. मागच्या फाटकाने न जाता दोघं सरळ पुढच्या दाराने निघाले. औषधांच्या रांगेतल्या लोकांना मडकं बघताच कळलं. बाकावरचे दोघे म्हातारे उठून उभे राहिले. सिगितचा मित्र मोटरसायकल घेऊन फाटकाशी थांबला होता, तिथपर्यंत वागिनो त्या मडक्यावर सावली धरून चालला. स्वतः उन्हात.

परत आला तेव्हा कोसिमची घाई चालली होती. पिशवी नव्याने बांधून पुन्हा तोलली. सहाशे ग्रॅम कमी भरली. कागदावर कमी वजनाच्या कारणाचा रकाना होता.

"लिहा, वर्गीकरणात चूक," एस्तीबाई म्हणाल्या.

वागिनोने पेन घेतलं. त्याचं अक्षर मोठं आणि सावकाश. लिहून झाल्यावर त्याने कागद त्यांच्यापुढे सरकवला. रकान्यात होतं: वडील येऊन घेऊन गेले.

एस्तीबाईंनी वाचलं. आता त्या खोडणार असं वागिनोला वाटलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि खाली सही केली.