एक ठिपका, दोन ठिपके

राग माझ्या नाकावरच असतो. बायको म्हणते, मशीन दुरुस्त करायला जाता आणि माणसं बिघडवून येता. तिचं म्हणणं मी नव्व्याण्णवच्या दसऱ्यापर्यंत हसण्यावारी नेत होतो.

जळगावात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. धरणगावच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात आदल्या वर्षी मी लिनक्सचं मशीन बसवलं होतं. कापसाच्या गाठी, त्यांचे नंबर, वजन, प्रत, सगळं त्यात. दोन हार्ड डिस्क घालून त्यांची जोडी लावली होती, म्हणजे जे एकीवर लिहिलं जाईल तेच दुसरीवरही जाईल. मॅनेजर अभिमन नानांना मी छाती फुगवून सांगितलं, एक मेली तरी दुसरी काम चालू ठेवेल, तुम्हाला कळणारही नाही. हे मशीन कधी बंद करायचं नाही, असंही बजावलं. नानांनी शब्द पाळला. लाइट गेली की बॅटरी, बॅटरी संपायच्या आत जनरेटर.

बंद झालं ते थेट खंडेनवमीला. जिनिंगमध्ये त्या दिवशी एकूण एक यंत्र उघडतात, पुसतात, तेलपाणी करतात आणि दसऱ्याला पूजा करतात. बावीस वर्षं हे काम जहांगीर मिस्तरी करत आला होता. नाना त्याला म्हणाले, कॉम्प्युटर पण यंत्रच ना, तोही उघड. जहांगीरने उघडला, दोन्ही डिस्क काढून कापसाची धूळ झटकली आणि परत बसवल्या. दसऱ्याला झेंडूचा हार घालून बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: चालू करायला डिस्क सापडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचा फोन. "बठ्ठं बंद शे," म्हणाले, सगळंच बंद.

मी मिळाली ती एसटी धरून गेलो. आवारात गाठी भरायला ट्रक उभा होता, आणि यादी निघाल्याशिवाय तो हलणार नव्हता. मशीनचं झाकण काढलं आणि माझं डोकंच फिरलं. डिस्कवर काळे डाग होते. गाठींवर नंबर टाकायची शाई. शाईच्या हातांनी डिस्क हाताळल्या, उलट्यासुलट्या बसवल्या, आपटल्याही असतील, असं मी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो. जहांगीर दारातच उभा होता. जिथली तिथेच बसवली आहे, एवढंच तो म्हणाला. हे पान्ह्याने चालणारं यंत्र नाही, असं मी त्याला सुनावलं.

नानांनी मालकांच्या, शेठजींच्या घरी फोन लावला. मी काय म्हणालो ते तसंच्या तसं सांगितलं. मिस्तरीला उद्यापासून येऊ नको म्हणा, असा हुकूम आला. नाना चिठ्ठी लिहायला बसले. जहांगीरच्या घरात कमावता तो एकटाच. त्याने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि चिठ्ठीची वाट बघत बाहेर निंबाखाली जाऊन बसला.

मग मी फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं. लिनक्स कुठे काय झालं ते तारीखवार लिहून ठेवतं. ते वाचत मागे मागे गेलो. नऊ मे, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. पहिली डिस्क उत्तर देत नाही, जोडीतून काढली.

म्हणजे ती उन्हाळ्यातच मेली होती. पाच महिने दुसरीने एकटीने काम ओढलं आणि मी म्हणालो होतो तसं कोणाला कळलं नाही. पण मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, लिलो, तो जोडी लावल्याने आपोआप दोन्हीकडे जात नाही. प्रत्येक डिस्कवर वेगळा टाकावा लागतो. मी तो पहिलीवर टाकला आणि दुसरीवर टाकायचा विसरलो. मशीन बंदच होत नव्हतं, म्हणून माझी चूक झाकून राहिली.

मी पुन्हा त्या डागांकडे पाहिलं. पहिल्या डिस्कवर एक ठिपका, आणि ती बसते त्या पत्र्यावर एक ठिपका. दुसरीवर दोन, तिच्या पत्र्यावर दोन. काहीही खोलायच्या आधी मिस्तरी लोक अशी खूण करतात, जिथली वस्तू तिथेच बसावी म्हणून. माझे डोळे फुटले होते.

सोबत आणलेली नवी डिस्क पहिलीच्या जागी लावली. दुसरीवरचं सगळं तिच्यावर उतरायला पाऊण तास लागला. घाईत आधी फक्त नवीवर लिलो टाकला, मशीन सुरू झालं, यादी निघाली, ट्रक गेला. मी नानांना सांगितलं, चूक माझी होती, मिस्तरीची नाही. नाना हसले. साहेब, तुम्ही मोठ्या मनाचे, गरिबाला सांभाळून घेताय, म्हणाले आणि चिठ्ठी पाकिटात घालू लागले. सकाळी रागात बोललो ते त्यांनी लगेच खरं धरलं होतं. आता खरं सांगत होतो तर तो माझा चांगुलपणा झाला.

मी मशीन बंद केलं.

"नाना, मिस्तरी कुठे आहे?"

"तो काय, निंबाखाली."

"इथे कोणी हात लावला?"

"तुम्हीच काय ते."

मी पहिलीच्या जागी बसवलेल्या, चांगल्या चालणाऱ्या नव्या डिस्कची वायर काढली, म्हणजे उरली ती लिलो नसलेली दुसरी, आणि नानांना बटण दाबायला लावलं. पडद्यावर तीच कालची ओळ आली. नानांनी ती वाचली. मग त्यांनी शेठजींना फोन केला आणि पाकीट फाडलं. मी दुसरीवरही लिलो टाकला, वायर तशीच काढलेली ठेवून बटण दाबलं. मशीन सुरू झालं. मग वायर जोडून जोडी पुन्हा लावली.

जहांगीरला आत बोलावलं. नानांनी किल्ल्या दिल्या. मी त्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर, सकाळइतक्याच मोठ्या आवाजात. लाज वाटत होती. त्याने वाकून नव्या डिस्ककडे पाहिलं, शाईची काडी आणली आणि तिच्यावर एक ठिपका दिला.

मी त्याला पडद्यावरची एक ओळ दाखवली. तिथे इंग्रजी यू हे अक्षर दोनदा दिसलं तर दोन्ही डिस्क जिवंत. एकाच्या जागी रेघ आली तर मला कळवायचं. त्याने मान हलवली.

दीड वर्ष झालं. दर सोमवारी सकाळी दहाला दुकानात जहांगीरचा फोन येतो. "दोन्ही आहेत," म्हणतो. मी तब्येत विचारतो, घरचं विचारतो. तोपर्यंत त्याने फोन ठेवलेला असतो.