सुट्टीतली झोप

गाद्यांच्या त्या लहानशा कारखान्यात झोपणं हे एक काम होतं, आणि ते करणाऱ्या माणसाला सगळे झोपेकाका म्हणत. शिवून झालेल्या गादीवर ते डोळे मिटून पडायचे आणि उठून सांगायचे, "डावीकडे गाठ आहे," नाहीतर, "जाऊ द्या." बाकीच्यांनी राब राब राबायचं आणि यांनी झोपून पगार घ्यायचा, अशी थट्टा रोज व्हायची. पण काकांनी पसंत केलेली गादी कधी परत आली नव्हती, त्यामुळे थट्टेपुढे कुणाची मजल जात नसे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत काका नव्या गाद्यांच्या चळतीवर चढून झोपले आणि झोपेतच खाली आले. खांद्याचं हाड मोडलं.

विम्याचा माणूस आला. त्याच्या तोंडात नुसती साखर. "कामगारांच्या भरपाईच्या विम्यात मालकाचेही हक्क असतात, ताई," तो मालकिणीला म्हणाला. वडिलांच्या मागे कारखाना तीच चालवत होती. "आमच्या डॉक्टरकडून तपासणी मागा. हाड जुळेपर्यंत हलकं काम द्या. आणि वाटलं तर दाव्यालाच हरकत घ्या. झोप कामाची असेल तर भरपाई. स्वतःची असेल तर काहीच नाही."

"हरकत घेतली नाही तर?"

"हप्ता वाढेल. उद्या फोन करा."

कारखाना आधीच कसाबसा तग धरून होता. शिवाय झोपून काम करणाऱ्याला त्याहून हलकं काम कुठून आणायचं? तिला हसूही येईना.

ती काकांच्या खोलीवर गेली. आडवं होता येत नव्हतं म्हणून ते खुर्चीतच बसून होते.

"काका, तुम्ही गादी तपासत होतात ना?" तिनं विचारलं.

"छे गं पोरी, थापा कशाला मारू? तुझी काकू गेल्यापासून घरी डोळ्याला डोळा लागत नाही. तिथं कापसाच्या वासात लागतो. झोप माझीच होती."

झालं! तिला काकांचा असा राग आला. इतक्या वर्षांत एकदा खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी सुट्टीत सगळे जेवायला गेले. मशिनं थांबली. उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगत होते, खाली येता येता पुन्हा वर जात होते. ती त्याच चळतीवर चढली, जरा टेकावं म्हणून, आणि पापण्या मिटल्याच. गादी हळूहळू पाण्यावर निघाली. काठावर काकू चादर झटकत उभी होती. वडील कुठूनतरी म्हणाले, "काठाला जाऊ नकोस." पण पाणीच काठाकडे वाहत होतं, इतकं अलगद की तिला थांबावंसंही वाटलं नाही.

ती धपकन कापसाच्या पोत्यांवर पडली. काका पडल्यावर कुणीतरी ती पोती तिथं आणून ठेवली होती, म्हणून हाडं शाबूत राहिली.

उठून तिनं गादीची कड दाबली. हात आत गेला. दाबायची तशी गरजच नव्हती. या खेपेला कडेला कापूस कमी भरा, असं तिनंच सांगितलं होतं. खर्च वाचवायला. आणि काकांना कळू देऊ नका, असंही. ते नाहीच म्हणतील हे तिला ठाऊक होतं. आत्ता तिची तिलाच लाज वाटली. ती बराच वेळ पोत्यांवर बसून राहिली, केसांत कापूस तसाच.

मग तिनं फोन लावला.

"हरकत घ्यायची नाही," ती म्हणाली.

"ताई, विचार करा. झोप त्यांची स्वतःची होती, हे ते स्वतःच कबूल करताहेत."

"झोप त्यांचीच होती. पण गादी माझी होती, आणि तिची कड मी चोरली होती. तसंच लिहून घ्या."

"ताई, हे असं आजवर कुणी लिहून दिलं नाही."

"मी देते," ती म्हणाली. "आणि हलक्या कामाचंही लिहा. हाड जुळेपर्यंत त्यांनी खुर्चीत बसायचं, आणि मी काय भरते ते बघायचं."