व्हर्नाच्या केबिनमधला एसी

मित्रांनो, धक्क्यामागच्या भंगारात, फुटक्या बर्फपेट्यांच्या खाली जो गंजका पेटारा पडलाय, तो मी. ‘मिस व्हर्ना’ नावाच्या कोळंबीच्या बोटीवर मी चौदा उन्हाळे एसी म्हणून राबलो.

लुइझियानाच्या या खाडीत मी आलो तो एका बाईसाठी. वादळाने घर नेलं, तेव्हा अल्सीद रोबिशो आणि त्याची बायको व्हर्ना कायमचे बोटीवर राहायला आले. व्हर्नाची फुप्फुसं अधू होती. ऑगस्टच्या दमट उकाड्यात तिला श्वास पुरत नसे. अल्सीदने तिच्या बिछान्याखालची फळी कापून मला तिथे बसवलं. मी खाडीचं पाणी ओढून घ्यायचो, माझी उष्णता त्यात सोडायचो आणि वर तिच्या अंगावर गार वारा सोडायचो.

“हा माझा दुसरा नवरा,” ती आल्यागेल्याला सांगे. “पहिल्यापेक्षा कमी बडबडतो!”

“आणि घोरतो माझ्याहून जास्त,” अल्सीद म्हणे.

ते माझे सुखाचे दिवस.

गेल्या ऑगस्टात मी अडखळू लागलो. सुरू व्हायचो, कण्हायचो आणि थोड्याच वेळात वीज तोडणारा ब्रेकर पडायचा. अल्सीदने पाण्याची गाळणी धुतली, पंप बदलला. तरी तेच. धक्क्यावरून बोटीत येणाऱ्या विजेचा आकडा त्याने मीटरने मोजला. एकशे अठरा. अमेरिकेतल्या एकशे वीस व्होल्टच्या विजेसाठी अगदी बरोबर.

“वीज ठीक आहे. हा खोकाच म्हातारा झालाय,” असं म्हणत त्याने मला एक लाथ हाणली.

वीज ठीक नव्हती, मित्रांनो. केबिनच्या भिंतीत, माझ्या पाठीमागेच, धक्क्यावरच्या केबलचा प्लग बसायचा. खाऱ्या हवेने त्याच्या आतल्या पिना गंजल्या होत्या. मी बंद असताना आकडा बरोबर येई. मी ओढू लागलो की वीज तिथेच अडे आणि प्लग तापे. मला कमी वीज मिळे, म्हणून मी आणखी ओढे. हे सांगायला मला तोंड नव्हतं. माझ्यासाठी बोलत होता तो ब्रेकर.

धक्क्यावरची वीजवाली अर्लीन दुसऱ्या गावी कामावर होती. अल्सीदने तिला फोन केला.

“काका, गुरुवारी येते. तोवर काही करू नका. ब्रेकर उगाच पडत नाही.”

“गुरुवारपर्यंत व्हर्नाने काय करायचं? तिचे ओठ निळे पडतायत, पोरी!”

“तिला माझ्या घरी न्या. किल्ली कुंडीखाली आहे.”

व्हर्ना ऐकेना. “लोकांच्या घरात मला झोप येत नाही,” ती म्हणाली. तेव्हा अल्सीदने जुना ब्रेकर काढून जास्त वीज सोसणारा मोठा बसवला. तो पडेना. दोन दिवस मी अखंड चाललो. व्हर्नाने कितीतरी दिवसांनी वाटीभर गंबो, म्हणजे कोळंबीचं दाट कालवण, खाल्लं. अल्सीदने माझ्या जाळीवर थोपटलं. “बघ, जमलं की नाही?”

बुधवारी दुपारी तो शेजारच्या बोटीवर बर्फ आणायला गेला. व्हर्ना निजली होती. माझ्या पाठीमागे प्लग वितळू लागला. आग मोठी लागलीच नाही, फक्त पंजाएवढी जागा जळाली. पण त्याचा काळा धूर माझ्याच कप्प्यात भरला. मला ओढणं आणि फुंकणं एवढंच ठाऊक. तो सगळा धूर मी व्हर्नाच्या तोंडावर फुंकला.

अल्सीदने धावत येऊन तिला उचलून बाहेर नेलं. शनिवारी दवाखान्यात तिने प्राण सोडला.

तिला मूठमाती देऊन झाल्यावर अर्लीन बोटीवर आली.

“त्या खोक्याला तपास,” अल्सीद म्हणाला. “तोच खराब होता. तेवढं सांग मला.”

तिने दुसऱ्या केबलने मला वीज दिली. मी लगेच सुरू झालो. चालू असतानाच तिने मीटर लावून आकडा वाचला.

“काका, हा ठणठणीत आहे.”

“मी मोजलं होतं. एकशे अठरा.”

“तेव्हा हा चालू होता?”

अल्सीदने मला उपसून काढलं आणि इथे आणून टाकलं. त्याचा मला राग नाही. माझ्या वाऱ्याखाली त्याला आता झोप आली नसती.

मित्रांनो, एखादं यंत्र पुन्हापुन्हा थांबत असेल, तर त्याचं थांबणं बंद करू नका. ते का थांबतंय ते जाणत्या माणसाला विचारा, आणि तो येईपर्यंत ते बंद ठेवा. जीव उकाड्याने कासावीस झाला तरी.

रोज दुपारी उन्हं कडक झाली की मला अल्सीदची पावलं ऐकू येतात. तो धक्क्यावरून एकेका बोटीपाशी थांबतो आणि तिच्यात जाणाऱ्या केबलच्या प्लगवर उलटा हात ठेवतो. काल एका नव्या बाईने त्याला हटकलं, “ओ, काय करताय माझ्या बोटीपाशी?”

“तापलाय हा,” तो म्हणाला. “आत कोण आहे?”

“आई झोपलीय.”

“तिला बाहेर आण,” अल्सीद म्हणाला आणि धक्क्यावरचा खटका पाडून तिथेच उभा राहिला.