कोऱ्या पाठी

देवास, १९८१. औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत कुमुद पवारचा तिसरा प्रयोग. हाही फसला, तर तिचं ॲलर्जीवरचं औषध कायमचं बंद.

साडेदहा. आदल्या दिवशी पाठीत प्रतिपिंड टोचलेल्या बारा पांढऱ्या उंदरांपैकी सहांना कुमुदनं आधीच औषध दिलं होतं. आता बाराही उंदरांच्या शेपटीतून तिनं ॲलर्जी उठवणारं प्रथिन आणि निळा रंग टोचला. पाठीतल्या मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीच्या पेशी, फुटल्या की हिस्टामिन हे रसायन सुटतं, रक्तवाहिन्या पाझरतात आणि भादरलेल्या पाठीवर निळा डाग उमटतो.

अकरा. बिनऔषधाचे सहा: निळा, निळा, निळा, निळा, निळा, निळा.

औषधाचे सहा: काही नाही.

"पवारबाई, यांना रंगच टोचायला विसरलात की काय!" प्रयोगशाळेचे प्रमुख शितोळेसाहेब हसले.

कुमुदनं पिंजऱ्यात वाकून पाहिलं. खरंच विसरले? तिनं एक उंदीर उचलून खिडकीशी धरला.

कान निळे. पंजे निळे. पाठ मात्र दुधासारखी.

"साहेब, कान बघा! रंग अंगभर फिरलाय, पण पाठीत पाझरलाच नाही!"

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून सहाही उंदरांचे कान तपासले.

"ओ भिया, कमाल हो गई!" साहेबांच्या तोंडून देवासची हिंदी निसटली. " बाई, आता पुढच्या मोठ्या प्रयोगाला चोवीस उंदीर मागवू."

"छत्तीस," कुमुद म्हणाली.